एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत

बऱ्हाणपूरला पाहुणे आले की शाही किल्ला, जामा मशीद आणि जमल्यास असीरगड, हा आमचा ठरलेला फेरा. मी पडलो इतिहासाचा मास्तर, त्यामुळे माझ्या पाहुण्यांना आधी कुंडी भंडाऱ्यावर यावे लागते. वरून पाहिले तर माळावर ओळीने बांधलेली विहिरींची तोंडे दिसतात. यात काय पाहायचे, असा प्रश्न पाहुण्यांच्या चेहऱ्यावर उमटतो. खाली उतरले की मात्र मंडळी गप्प होतात. इ. स. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना इथे सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून जमिनीखाली झिरपत येणारे पाणी हेरले आणि भुयारांतून शहराकडे वळवले. मोट नाही, रहाट नाही, पंप तर नाहीच. केवळ उताराच्या हिशेबाने पाणी एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत जाते. अशा शंभरावर कुंड्या भुयाराने एकमेकींना जोडलेल्या आहेत. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भंडाऱ्याचे नाव गेले, तेव्हा आम्हा बऱ्हाणपूरकरांची छाती थोडी फुगली, हे कबूल करतो.

तापीचे पाणी उघड्यावरचे. शत्रूने त्यात विष कालवले तर फौज आणि शहर दोन्ही गारद होतील, म्हणून पाणी जमिनीखालून आणले, असे आमच्याकडे सांगतात. युक्ती मोठी खरी. पण ज्या जोडणीमुळे सर्वांना पाणी मिळते, त्याच जोडणीमुळे वरच्या एका कुंडीत पडलेली घाण खालच्या सर्व कुंड्यांत पोचते. खालची कुंडी कितीही घासा, वरची तशीच राहिली तर दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा गढूळ.

खानखानावर आणि मुमताज महलवर दिवाळी अंकांतून पुष्कळ लिहून झाले आहे. यंदा मी एका अगदी अलीकडच्या इतिहासाबद्दल लिहिणार आहे. त्याला जेमतेम चाळीस वर्षे झाली आहेत आणि त्यातल्या एका फार लहान प्रकरणात प्रस्तुत लेखक साक्षीदार आहे, खरे सांगायचे तर आरोपीही आहे. हा इतिहास आहे संगणकाच्या व्हायरसचा, आणि तो कचेऱ्यांतून कसा काढला जातो याचा.

कचेरीतले पाच संगणक

ही गोष्ट २०११ सालची. मी तेव्हा ज्या शाळेत इतिहासाचा व्याख्याता होतो, तिथल्या कचेरीत पाच संगणक होते. पाचही निळ्या तारांनी एका लहानशा पेटीला जोडलेले. तिला स्विच म्हणतात. छपाईचे यंत्र एकच, सगळ्यांचे सामाईक. मोठ्या बाबूंच्या संगणकावर एक सामाईक फोल्डर होता. त्यात निकालपत्रके, पगारपत्रके आणि पत्रव्यवहार असे. इंग्रजी बरे म्हणून संगणकांची देखरेख माझ्याकडे आली होती.

तिसऱ्या संगणकावर माझा स्वतःचा एक फोल्डर होता. बऱ्हाणपुरातल्या जुन्या मराठी घरांतल्या वडीलधाऱ्यांकडे जाऊन मी त्यांच्या आठवणी लिहून घेत असे. घरात मराठी, बाजारात हिंदी, मुशायऱ्यात उर्दू अशा या गावात ही माणसे कशी राहिली, कुठून आली, लेकी कुठे दिल्या, सण कसे केले, असे सगळे त्यात होते. तोवर सतरा घरे झाली होती. टंकलेखन झाले की मूळ टिपणांचे कागद मी फेकून देत असे. संगणक असताना कागद कशाला, असे मला वाटे!

एका सकाळी मोठ्या बाबूंनी सामाईक फोल्डर उघडला तर आत एकही फाइल धड दिसेना. प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचे, कोपऱ्यात लहानसा बाण असलेले चित्र. त्यावर टिचकी मारली की क्षणभर काही तरी लुकलुके आणि बस्स. दुपारपर्यंत पाचही संगणकांची तीच गत झाली. गावातल्या एका दुकानातून मुलगा बोलावला. त्याने संध्याकाळपर्यंत बसून पाचही यंत्रे साफ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. त्याने पुन्हा साफ केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

कनिष्ठ बाबू तरुण होता आणि त्याला गाण्यांचा नाद होता. त्यामुळे सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले. कुणी त्याला तोंडावर बोलले नाही, पण त्याने संगणकाला हात लावला की कचेरी खाकरायची. शेवटी दुकानाचा मुलगा वैतागून म्हणाला, “सर, जिद्दी व्हायरस है. सब फॉरमॅट मारना पड़ेगा.” मला नववीचा तास होता. “जो करना है करो बेटा,” असे म्हणून मी वर्गावर गेलो.

पुढे काय झाले ते सांगतोच. पण त्याआधी ही कीड आली कुठून आणि तिला काढणाऱ्यांनी काय काय शिकून ठेवले आहे ते पाहू. मी ते सारे नंतर वाचले. आधी वाचले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

लाहोर ते ‘हॅपी बर्थडे जोशी’

१९८३ साली अमेरिकेत फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने असा प्रोग्रॅम करून दाखवला की जो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये स्वतःची नक्कल घुसवतो. त्याचे प्राध्यापक लेनर्ड एडलमन यांनी त्याला ‘व्हायरस’ हे नाव सुचवले. ते प्रयोगशाळेतले काम होते. पण आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांत खरोखर फैलावलेला पहिला व्हायरस आपल्या शेजारी, लाहोरात, १९८६ साली जन्मला. बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोन भाऊ डॉक्टरांसाठी लिहिलेला प्रोग्रॅम विकत. लोक त्याच्या चोरट्या प्रती काढतात म्हणून त्यांनी फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात, जिथून संगणक सुरू होतो तिथे, आपला ‘ब्रेन’ बसवला. गंमत म्हणजे त्यात त्यांनी स्वतःची नावे, पत्ता आणि टेलिफोन नंबरही लिहून ठेवला होता! फ्लॉपी हातोहात जगभर गेली आणि परदेशांतून लाहोरला फोन येऊ लागले.

आपल्याकडचा नामांकित व्हायरस १९९० सालचा. त्याचे नाव चक्क ‘जोशी’. वर्षभर तो गुपचूप असे. ५ जानेवारीला संगणक सुरू केला की पडद्यावर ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करा, असा हुकूम येई आणि तो पाळल्याशिवाय यंत्र हलत नसे. हा जोशी कोण, याचा ठाव लागला नाही. त्या काळी ज्या कचेरीत त्या आडनावाचा एखादा गरीब कारकून असेल, त्याने ५ जानेवारीला काय सोसले असेल याची कल्पना मला आता चांगली येते.

या जोशीबुवांची एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यंत्राचा तो पहिला भाग कुणी तपासायला गेला तर हा जुना, स्वच्छ मजकूर पुढे करी, म्हणजे तपासणाऱ्याला सारे आलबेल वाटे. कंट्रोल, आल्ट, डिलीट या तीन कळा दाबून यंत्र नव्याने सुरू केले तरी तो स्मृतीतून जात नसे. उपाय एकच. वीजच बंद करायची, खात्रीने स्वच्छ असलेली आणि लिहिण्याची खाच चिकटपट्टीने बंद केलेली फ्लॉपी घालायची, तिच्यावरून यंत्र सुरू करायचे आणि मगच सफाई करायची. मळक्या फडक्याने पाट पुसला तर पाट मळकाच राहतो, हे आपल्या घरातल्या बायका जाणतात. संगणकवाल्यांना ते जोशीने शिकवले.

पुण्यातले दुरुस्तीचे दुकान

त्यानंतर ६ मार्च १९९२ या तारखेने जगाला घाबरवले. चित्रकार मायकेलँजेलोचा तो जन्मदिवस, म्हणून त्या दिवशी जागा होणाऱ्या व्हायरसला त्याचेच नाव पडले. लाखो संगणक बसणार अशी भाकिते छापून आली. प्रत्यक्षात नुकसान काही हजार यंत्रांवरच थांबले. पण ज्याचे यंत्र त्या हजारांत होते, त्याचा हिशेब, पत्रव्यवहार, सारे पुसले गेले.

त्याच सुमारास पुण्यात कैलास काटकर नावाचे मूळचे सातारा जिल्ह्यातले तरुण दुरुस्तीचे लहानसे दुकान चालवत होते. कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. रेडिओ आणि कॅलक्युलेटर दुरुस्त करता करता ते संगणकावर आले. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात येणाऱ्या यंत्रांपैकी पुष्कळांना कसलाही बिघाड नसे, व्हायरस असे. एकदा काढला तरी तेच गिऱ्हाईक काही दिवसांनी तेच यंत्र घेऊन पुन्हा दारात! तेव्हा संजय काटकरांनी एकेका व्हायरसवर त्याला हुडकून काढणारे लहान लहान प्रोग्रॅम लिहिले आणि त्यांतूनच १९९५ साली डॉसवर चालणारे ‘क्विक हील’ तयार झाले. २००७ साली कंपनीनेच ते नाव घेतले आणि २०१६ साली ती शेअर बाजारात आली.

मराठी माणसाला धंदा जमत नाही, असे म्हणायची आपल्याला सवय आहे, म्हणून हे उदाहरण मी मुलांना आवर्जून सांगतो. पण त्याहून मला महत्त्वाची वाटते ती त्यांची सुरुवात. तेच यंत्र पुन्हा का आले, हा प्रश्न दुकानदाराने स्वतःला विचारला. आमच्या कचेरीत तीन दिवसांत तो कुणीही विचारला नाही.

तारेवरून येणारी कीड

फ्लॉपीच्या काळात व्हायरस माणसाच्या खिशातून फिरे. तारांनी जोडलेल्या जाळ्यात त्याला खिशाचीही गरज उरली नाही. याचा पहिला मोठा धडा २ नोव्हेंबर १९८८ चा. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने जाळ्यावर एक ‘वर्म’, म्हणजे किडा, सोडला. व्हायरस दुसऱ्याच्या पाठीवर बसून जातो. किडा स्वतःच्या पायांनी चालतो. तेव्हाच्या इंटरनेटवर साठेक हजार यंत्रे होती. त्यांतली सुमारे सहा हजार यंत्रे त्याने जेरीस आणली असा अंदाज आहे. एकाच यंत्रात तो पुन्हा पुन्हा शिरे, त्यामुळे साफ केलेले यंत्र जाळ्याला जोडले की परत बाधा. शेवटी ठिकठिकाणच्या लोकांनी आपली यंत्रे जाळ्यापासून तोडली, शिरण्याची भोके बुजवली आणि मग पुन्हा जोडली. मॉरिसला १९९० साली तीन वर्षांची देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली.

मे २००० मध्ये मनिलाहून निघालेले ‘आय लव्ह यू’ नावाचे पत्र जगातल्या लक्षावधी कचेऱ्यांत उघडले गेले. प्रेमपत्र न उघडण्याइतका निग्रह कचेरीत कुठला! ते लिहिणाऱ्याला शिक्षा झाली नाही, कारण फिलिपिन्समध्ये तसा कायदाच नव्हता. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला. त्याच्या ४३ व्या कलमात परक्याच्या संगणकात व्हायरस घालणाऱ्याने भरपाई द्यावी असे म्हटले आहे.

नोव्हेंबर २००८ मध्ये आलेला ‘कॉन्फिकर’ मात्र कचेऱ्यांचा खरा वैरी. तो तीन वाटांनी येई. विंडोजमधले एक भोक, सोपे पासवर्ड आणि पेनड्राइव्ह. भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधीच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही ते सापडले. ब्रिटनचे संरक्षण खाते आणि फ्रान्सचे नौदल यांनाही त्याने सोडले नाही, तिथे आमच्यासारख्यांची काय कथा. तीन वाटांपैकी दोन बंद केल्या आणि तिसरी उघडी ठेवली तर सगळे श्रम वाया, हे त्याने दाखवले.

या साऱ्या अनुभवांतून सफाईची एक रीत ठरत गेली. वाचकांपैकी पुष्कळांच्या दुकानांत आणि संस्थांत आता असे जाळे आहे, म्हणून ती साध्या शब्दांत सांगतो. पहिल्या प्रथम स्विचमधल्या तारा काढा. साफ आणि बाधित यंत्रे एकत्र ठेवून काही होत नाही. मग यादी करा: किती यंत्रे, किती पेनड्राइव्ह, कुणाच्या घरचा लॅपटॉप इथे जोडला जातो. जे उरले आहे त्याची नक्कल पुसापुशी करण्याआधी काढा. सफाईचे साधन दुसरीकडच्या स्वच्छ यंत्रावर तयार करून आणा. प्रत्येक यंत्र वेगवेगळे साफ करा, विंडोजच्या दुरुस्त्या बसवा, सगळे पासवर्ड बदला, पेनड्राइव्ह लावताच त्यातले आपोआप चालण्याची सोय बंद करा. शेवटी एकेक यंत्र जोडा आणि प्रत्येक जोडणीनंतर थोडे थांबून पाहा. यात अवघड असे काहीच नाही. अवघड आहे ती यादी खरी करणे.

न्हावा शेवा, २७ जून २०१७

यादी अगदी बरोबर असली तरी कधी कधी सारेच जाते. २०१७ साल त्या दृष्टीने वाईट गेले. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने दीडशेवर देशांत फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यातून जग सावरते आहे तोच २७ जूनला युक्रेनमधल्या एका करविषयक प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीतून ‘नॉटपेट्या’ निघाला. हिशेबाच्या कामाला रोज लागणारा, विश्वासातला प्रोग्रॅम. त्यातूनच विष आले. खंडणीची पाटी दाखवली तरी फायली परत द्यायची सोयच त्यात नव्हती. एका यंत्रात शिरला की त्यातले पासवर्ड चोरून शेजारच्या यंत्रात जायचा.

मर्स्क ही जहाजांची मोठी डॅनिश कंपनी. तिच्या संगणकांचे जाळे जगभर एकच. त्यामुळे बाधा झाली युक्रेनमध्ये आणि काम थांबले आपल्या रायगड जिल्ह्यात, न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ या मर्स्क गटाच्या धक्क्यावर. कुठला कंटेनर कुठे ठेवला आहे, कुठल्या गाडीवर चढवायचा आहे, हे सांगणारे संगणकच मुके झाले. देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदराच्या एका धक्क्यावर माणसे हाताने काम करू लागली आणि माल अडकून पडला.

मर्स्कने मग साफसफाईचा नाद सोडून सगळे नव्याने बसवले. कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितले की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांचे. पण एक अडचण होती. जाळ्यात कोण कोण आहे आणि कुणाला कुठे जाण्याची मुभा आहे, याची मुख्य नोंदवही ज्या दीडशेच्या आसपास यंत्रांत होती ती यंत्रे एकमेकांच्या नकला ठेवत. एक बुडाले तर दुसरे आहे, असा हिशेब. पण जोडणीमुळे सगळी एकदमच गेली. पुढे प्रसिद्ध झालेल्या हकिकतीनुसार आफ्रिकेतल्या घाना देशात एक यंत्र बचावले, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! तारेवरून ती नोंदवही इंग्लंडला पाठवणे जमेना इतकी तिथली जोडणी मंद, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी घानाच्या माणसाने ती डिस्क नायजेरियात दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्याने ती विमानाने इंग्लंडला नेली.

वीज जाण्याला शिव्या घालत लहानाचे मोठे झालेल्या माझ्यासारख्याला ही हकिकत वाचून हसू आले. पण इतिहासाच्या मास्तराला त्यात ओळखीचेही काही दिसले. आपल्या जुन्या पोथ्या वाचल्या त्या भक्कम दप्तरांमुळे तितक्या नाहीत. कुणी तरी नक्कल करून शंभर कोसांवरच्या घरात ठेवली होती म्हणून वाचल्या. एकाच वाड्यातल्या दहा नकला आगीला एकच नक्कल वाटतात.

खिशातली वस्तू

आता आमच्या कचेरीकडे वळतो. पहिल्याच दिवशी दुकानाच्या मुलाने सगळ्यांकडून पेनड्राइव्ह मागून घेतले होते. मोठ्या बाबूंनी दिला, कनिष्ठ बाबूने दोन दिले, शिपायानेही आपला दिला. मी दिला नाही. त्यात सहामाही परीक्षेच्या प्रश्नपत्रिका होत्या. त्या बाहेरच्या मुलाच्या हाती कशा द्यायच्या, असे मी मनाशी म्हटले. ते कारण खोटे नव्हते. पण पुरते खरेही नव्हते. दोनच दिवसांपूर्वी त्याच प्रश्नपत्रिका मी गावातल्या एका छपाईच्या दुकानी नेल्या होत्या आणि तिथल्या यंत्रात हा पेनड्राइव्ह लावला होता. मला शंका आली होती. व्याख्याता, त्यातून संगणकांची देखरेख माझ्याकडे. माझा पेनड्राइव्ह कोण तपासणार, या ताठ्यात मी गप्प बसलो. आणि रोज संध्याकाळी सफाई झाली की प्रश्नपत्रिका ठीक आहेत ना, हे पाहायला तोच पेनड्राइव्ह साफ केलेल्या यंत्रात लावत होतो.

तिसऱ्या दिवशी पाचही यंत्रे फॉरमॅट झाली. शाळेचे फारसे बिघडले नाही. दाखल-खारिज रजिस्टर हाताने लिहिलेले होते, निकाल गुणपत्रकांवरून पुन्हा भरता आला. माझा फोल्डर मात्र गेला. तो कुणाच्या यादीत नव्हता आणि विचारायला आले तेव्हा मी वर्गावर होतो. पुढे कळले की त्या व्हायरसने फायली खाल्ल्याच नव्हत्या, नुसत्या लपवल्या होत्या. एका ओळीचा हुकूम दिला असता तर सगळ्या जागच्या जागी दिसल्या असत्या. व्हायरसने जे केले नाही ते आमच्या घाईने केले.

त्या रात्री सौ. सदरा धुवायला टाकताना म्हणाली, “अहो, हे खिशात राहिलं होतं. आत्ता धुतलं गेलं असतं.” आणि पेनड्राइव्ह माझ्यापुढे ठेवला. धुतला गेला असता तर बरेच झाले असते! संध्याकाळी मी तो नव्या कोऱ्या यंत्रात पुन्हा लावून आलो होतो.

चौथ्या दिवशी सकाळी पडद्यावर तीच बाणांची चित्रे होती. कनिष्ठ बाबू भिंतीला टेकून उभा होता. मी पेनड्राइव्ह मोठ्या बाबूंच्या टेबलावर ठेवला आणि काय झाले ते सर्वांसमोर सांगितले. कुणी काही बोलले नाही. कनिष्ठ बाबू नंतर जिन्यात भेटला तेव्हा एवढेच म्हणाला, “सर, पहले दिन बता देते.” त्याच्या आवाजात राग असता तर मला सोपे गेले असते. त्या दिवशी तारा काढल्या, यादी केली, माझा पेनड्राइव्ह पहिला साफ झाला आणि कीड गेली ती गेली.

माझ्या सतरा घरांचे काय? २०१० च्या दिवाळीत रावेरच्या एका शिक्षकमित्राला मी वाचायला म्हणून एक सीडी दिली होती. ती त्याने कपाटात जपून ठेवली होती. आणली, लावली, तर सगळा मजकूर रोमन अक्षरांचा नुसता खिचडा! पुन्हा व्हायरस की काय, म्हणून पोटात गोळा आला. पण दोष व्हायरसचा नव्हता. त्या काळी मराठी लिहायला प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. आमच्या कचेरीतला हिंदीचा कृतिदेव फॉन्ट परत बसवला होता, माझ्या मराठीचा कुणी बसवलाच नव्हता. जळगावच्या एका डीटीपीवाल्याकडून तो आणला आणि ओळी एकेक करून उभ्या राहिल्या. आता मी सगळे युनिकोडमध्ये उतरवून घेतले आहे, म्हणजे कुठल्याही यंत्रावर ते मराठीच दिसते.

सीडीत चौदा घरे होती. उरलेल्या तिघांपैकी एका आजोबांनी सारे पुन्हा सांगितले. दोघे तोवर गेले होते. त्यांतल्या एक आजीबाई शनवाऱ्याच्या बाजूला राहत. त्यांनी सासूकडून ऐकलेले कुंडीच्या पाण्याचे दंडक मला सांगितले होते. कुंडीच्या तोंडाशी कपडे धुवायचे नाहीत, पोहरा जमिनीवर टेकवायचा नाही, आणि आपल्या हातून आत काही पडले तर त्याच दिवशी शेजारी सांगायचे, लपवायचे नाही. असे आठ-दहा दंडक होते. मला तीनच आठवतात.

दरवर्षी धनत्रयोदशीच्या आधी मी त्या फायलींच्या दोन नकला काढतो. एक घरी ठेवतो आणि एक रावेरला पोचवतो. कागदावरही एक छापील प्रत आहे. तिच्यात आजीबाईंच्या नावापुढे चार पाने कोरी सोडली आहेत. वाचकांपैकी कुणाच्या घरी बऱ्हाणपूरच्या कुंडीच्या पाण्याचे असे काही दंडक आजीकडून, पणजीकडून ऐकलेले असतील, तर ते या अंकाच्या पत्त्यावर जरूर लिहून पाठवावेत. हाताने लिहिले तरी चालेल. मी कागद आता फेकत नाही.